रास्ना, बांदा आणि व्हॅन्डा



संस्कृतात ‘वन्दा’, हिंदीत ‘बांदा’, आपल्या शेजारच्या गुजरातीत ‘वांदो’ आणि मराठीत ‘बांडगूळ’ किंवा ‘बांदे’. झाडाच्या फांदीवर दुसरेच एखादे झाड उगवलेले दिसले की आपल्याकडे हे नाव देतात. नाव सोयीचे आहे, पण त्यामुळे एक घोटाळा झालेला आहे. फांदीवर उगवणाऱ्या वनस्पती एका स्वभावाच्या नसतात. काही झाडाचा रस घेतात, काही फक्त बसायला जागा घेतात. नाव मात्र दोघींना एकच. आणि नाव एक असले की शिक्षाही एकच मिळते.

या अंकातील अभ्यासलेख ज्या वनस्पतीवर आहे ती दुसऱ्या प्रकारची आहे. ती ऑर्किडच्या कुळातील आहे. मराठी परिभाषेत ऑर्किडला ‘आमर’ असेही म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव व्हॅन्डा टेसेलाटा. यातला ‘व्हॅन्डा’ हा शब्द तुम्हाला इंग्रजी किंवा लॅटिन वाटेल, पण तो आपलाच ‘वन्दा’ आहे! कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश असलेले सर विल्यम जोन्स संस्कृत शिकले होते. त्यांनी १७८४ साली एशियाटिक सोसायटीची स्थापना केली आणि १७८९ मध्ये शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यांना वनस्पतींचाही छंद होता. भारतीय वनस्पतींवरील त्यांचा लेख ते वारल्यानंतर, १७९५ साली छापला गेला. त्यात त्यांनी या ऑर्किडसाठी ‘वन्दा’ हे संस्कृत नाव वापरले. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते प्रजातीचे नाव म्हणून पक्के केले. आज या प्रजातीत भारतापासून फिलिपिन्स आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत पसरलेल्या अनेक जाती आहेत. त्या सगळ्यांना जगभरचे लोक आपल्या ‘बांडगुळा’च्या नावाने हाक मारतात.

‘टेसेलाटा’ हा शब्द मात्र लॅटिन आहे. टेसेला म्हणजे फरशीचा लहान चौकोनी तुकडा. फुलाच्या पाकळ्यांवर तपकिरी रेघांची अशी जाळी असते की जुन्या वाड्यातील लाद्यांची आठवण यावी. हे नाव विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये दिले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील डॉक्टर होते आणि पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले.

येथे नववी-दहावीच्या मुलांसाठी थोडे विषयांतर करते. माझी विज्ञानाची पदवी हिंदी माध्यमातून झाली. हिंदी पुस्तकांत ज्याला ‘वंश’ म्हणतात त्याला मराठी पुस्तकांत ‘प्रजाती’ म्हणतात आणि हिंदीतली ‘प्रजाति’ म्हणजे मराठीतली ‘जाती’. इंटरनेटवरून हिंदी मजकूर घेऊन प्रकल्पवहीत उतरवणाऱ्यांची येथेच गफलत होते. या लेखात व्हॅन्डा ही प्रजाती आणि टेसेलाटा ही जाती, असे समजावे. तसेच झाडावर राहणाऱ्या पण झाडाचे न खाणाऱ्या वनस्पतीला हिंदीत ‘अधिपादप’ आणि मराठीत ‘अपिवनस्पती’ म्हणतात. दोन्ही शब्द पाठ केलेत तरी बिघडणार नाही.

ही वनस्पती ओळखावी कशी?

व्हॅन्डाची पाने जाड, चामड्यासारखी आणि पट्ट्यासारखी लांब असतात. ती खोडाच्या दोन बाजूंना समोरासमोरच्या रांगांत लागतात. पान मध्ये दुमडून पन्हळीसारखे झालेले असते आणि बाहेरच्या बाजूला वाकते. टोक सरळ निमुळते नसते. उंदराने कुरतडल्यासारखे दोन-तीन दातांचे असते. खोडाच्या खालच्या भागातून बोटाएवढ्या नाही, पण चांगल्या जाड दोरीएवढ्या पांढुरक्या मुळ्या निघतात. त्यातल्या काही सालीला चिकटतात, काही नुसत्या हवेत लोंबतात. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत केव्हातरी उभा तुरा येतो. त्यावर साधारण सहा ते बारा फुले लागतात. फूल रुपयाच्या नाण्याहून मोठे असते. ते बाहेरून पांढरे आणि आतून पिवळट-हिरवट असून त्यावर तपकिरी जाळी असते. मध्यभागी जांभळी-निळी जीभ. वास गोड असतो. काहींना तो पिकलेल्या द्राक्षांसारखा वाटतो. फुलांचा दिमाख बाजारातील थायलंडच्या ऑर्किडसारखा नाही हे कबूल. पण ती विकतची फुले बहुधा बिनवासाची असतात आणि हे रानातले फूल वासावरून सापडते.

कोकणात किंवा सह्याद्रीत आजोळ असलेल्या मुलांनी ‘सीतेची वेणी’ पाहिली असेल. ती व्हॅन्डाची चुलत बहीण समजा. तिला पाऊस जास्त लागतो. आपला व्हॅन्डा टेसेलाटा मात्र राजपिपळा, छोटा उदेपूर आणि डांगच्या पानझडी जंगलांत, जेथे वर्षाचे सात-आठ महिने कोरडे जातात, तेथेही टिकतो. जंगलाबाहेर जुन्या आंब्यावर, महुड्यावर त्याला घर करता येते. बडोद्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. ४२-४३ अंशांच्या उन्हात, मातीचा कणही मुळाशी नसताना, उघड्या फांदीवर हे झाड जिवंत राहते. कसे, ते पाहू.

पाण्याचा हिशेब

पहिले काम मुळ्यांचे. व्हॅन्डाच्या मुळीवर मेलेल्या, पोकळ पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. त्याला व्हेलॅमेन म्हणतात. कोरडे असताना ते पांढरे दिसते, कारण पेशींत हवा भरलेली असते. पावसाची सर आली की काही क्षणांत ते पाणी शोषून घेते, हवा निघून जाते आणि खालचा हिरवा रंग दिसू लागतो. पावसाच्या पहिल्या सरींचे पाणी फांदीवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेली पाने यांतील क्षार घेऊन खाली येते. झाडाला खत मिळते ते असे. पाणी उडून गेले की तेच आवरण कोरड्या कापडासारखे मुळीला झाकते आणि आतला ओलावा लवकर जाऊ देत नाही. मुळ्या हिरव्या असल्यामुळे थोडेफार अन्नही तयार करतात. म्हणून व्हॅन्डाची मुळे मातीत पुरणे म्हणजे त्याचे नाक दाबण्यासारखे आहे. हौसेने जंगलातून आणलेले ऑर्किड कुंडीत काळ्या मातीत लावणारे लोक मी पाहिले आहेत. पंधरा दिवसांत मुळे कुजतात.

दुसरे काम पानांचे, आणि ते अधिक मजेदार आहे. आपण शिकतो की झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेतात आणि उन्हात अन्न तयार करतात. पण रंध्रे उघडली की पाणीही बाहेर जाते. जेथे पाण्याचा थेंब मोलाचा, तेथे हे परवडत नाही. व्हॅन्डासारखी जाड पानांची ऑर्किडे रंध्रे रात्री उघडतात. हवा गार असते, पाणी कमी उडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड पानात आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात. सकाळी रंध्रे बंद, आणि दिवसभर त्या साठ्यातून कार्बन डायऑक्साइड सोडवून उन्हाच्या मदतीने साखर तयार करतात. निवडुंग, अननस आणि पानफुटी हेच करतात.

या शोधाचा एक धागा भारतातलाच आहे. दक्षिण भारतात कंपनीच्या नोकरीत असलेले बेंजामिन हेन यांनी पानफुटीचे पान चघळून पाहिले. सकाळी ते आंबट लागले, दुपारी बेचव लागले आणि संध्याकाळी थोडे कडू. त्यांनी लंडनला लिहिलेले पत्र १८१५ साली छापले गेले. कारण कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. मुलांनी मात्र पान चाखू नये, पानफुटीत विषारी द्रव्ये असतात. आपल्याकडे त्यासाठी कागदी पट्ट्या आहेत, त्याबद्दल शेवटी सांगितले आहे.

खरे बांडगूळ आणि खोटे बांडगूळ

हा विषय या अंकात घेण्याचे कारण शाळेतच आहे. मागच्या अंगणातील जुन्या आंब्यावर व्हॅन्डाचे तीन झुपके आहेत. एका पालकांनी सूचनापेटीत चिठ्ठी टाकली की आंब्यावर बांडगूळ वाढले आहे, ते वेळीच काढले नाही तर झाड मरेल. चिठ्ठी काळजीपोटी लिहिलेली आहे आणि अर्धी बरोबर आहे, म्हणून तिचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. त्या आंब्यावर खरे बांडगूळही आहे. विश्वस्त मंडळाने सुट्टीत छाटणीसाठी खर्च मंजूर केला आहे. छाटणी करणारा माणूस वर चढला की त्याला खालून ‘बांडगूळ काढा’ एवढेच सांगितले जाईल आणि तो दोन्ही काढेल. त्याचा त्यात दोष नाही.

खरे बांडगूळ म्हणजे डेन्ड्रोफ्थो फाल्काटा. आंबा हा त्याचा आवडता यजमान. त्याचे झुडूप असते, फांद्या फुटलेल्या असतात, पाने रुंद आणि आंब्याच्या पानांहून फिकी, राखाडी हिरवी असतात. फुले नळीसारखी, नारिंगी-लालसर किंवा पांढरट-गुलाबी. छोटी गोड फळे येतात आणि ती फुलटोचा नावाचा आपल्या चिमणीहूनही लहान पक्षी खातो. बीभोवतीचा गर इतका चिकट असतो की पक्ष्याला बी फांदीवर घासूनच टाकावे लागते. बी तेथेच रुजते आणि आपले शोषकमूळ सालीतून आत, लाकडापर्यंत घुसवते. झाडाच्या ज्या नळ्यांतून पाणी आणि क्षार वर जातात त्यांना ते जोडले जाते. स्वतःची पाने हिरवी असल्यामुळे साखर ते स्वतः करते, म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. पण पाणी पूर्णपणे आंब्याचे! बांडगुळाच्या पुढची फांदी हळूहळू बारीक होते आणि वाळते. शेतकऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते.

व्हॅन्डाची मुळी सालीच्या आत जात नाही. सालीच्या खरबरीत पृष्ठाला ती चिकटते, एवढेच. नखाने हलकेच उचलली तर खाली साल जशीच्या तशी दिसते. आंब्याच्या फांदीला व्हॅन्डाचे ओझे वाहावे लागते, ते आपण दोरीवर वाळत घातलेल्या धोतराएवढे. म्हणून विश्वस्तांना माझी विनंती अशी आहे, की छाटणीच्या दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांपैकी एक जण झाडाखाली उभा असावा आणि व्हॅन्डाच्या तीन फांद्यांना आधीच पांढरी फीत बांधून ठेवावी. बांडगूळ असलेली फांदी जोडाच्या बरीच खालून कापावी, कारण शोषकमूळ आत पसरलेले असते आणि वरवर खरवडले तर ते पुन्हा फुटते. ती फळे पिकण्याच्या आत कापली तर फुलटोच्याला पुढच्या फांदीवर पेरणी करता येणार नाही.

पाठ्यपुस्तकातील अमरवेल ही तिसरी. तिला पानेच नसतात. पिवळ्या शेवयांसारखे तिचे जाळे कुंपणावर पसरते. तिच्यात आणि व्हॅन्डात घोटाळा होण्याचे कारण नाही, पण परीक्षेत मुले ‘अपिवनस्पतीचे उदाहरण’ म्हणून अमरवेल लिहितात, म्हणून सांगितले.

औषधाच्या दुकानातील रास्ना

घरात आजी-आजोबा असतील तर ‘महारास्नादि काढा’ ही बाटली कपाटात असू शकते. गुडघे दुखतात तेव्हा वैद्य देतात. त्यातील रास्ना म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर जाणकारांत फार पूर्वीपासून मतभेद आहेत. बंगालकडे व्हॅन्डाच्या मुळांना रास्ना म्हणून वापरतात. केरळात आल्याच्या कुळातील कुलिंजनाचे कंद वापरतात. उत्तरेत प्लूचिया लॅन्सिओलाटा या शेताच्या बांधावर उगवणाऱ्या झुडपाची पाने घेतात, आणि भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधसंहितेने रास्ना म्हणून हीच वनस्पती मानली आहे. एकाच श्लोकातील एक नाव आणि तीन प्रांतांत तीन वनस्पती. जुन्या ग्रंथांत चित्रे नव्हती, वर्णने थोडक्यात होती, आणि वैद्य आपल्या परिसरात जे मिळे ते वापरीत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण आज परिणाम पाहावा लागतो. प्लूचियाची पाने तोडली तर झुडूप पुन्हा फुटते. व्हॅन्डाची मुळे काढली तर ती वनस्पती गेलीच, कारण मुळे हेच तिचे तोंड आणि तेच तिचे हात.

आणि गेलेली वनस्पती भरून निघायला किती वेळ लागतो, ते तिच्या बीवरून कळते.

बीची गोष्ट

व्हॅन्डाचे बोंड लांबट, कंगोरेदार, मधल्या बोटाएवढे असते. ते वाळून उकलले की आतून पिठासारखी भुकटी उडते. ते बी. ऑर्किडच्या एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. तुम्ही म्हणाल, मग सगळी झाडे व्हॅन्डाने भरून का जात नाहीत? हरभरा भिजत घातला की मोड येतो, कारण आईने बरोबर शिदोरी दिलेली असते. ऑर्किडच्या बीत भ्रूणपोष नसतो, म्हणजे शिदोरीच नसते. त्यामुळे बी हलके होते, वाऱ्याने दूर जाते, पण रुजण्यासाठी त्याला विशिष्ट सूक्ष्म बुरशीची गाठ पडावी लागते. बुरशीचे धागे बीत शिरतात आणि त्यांच्याकडून बी साखर मिळवते. नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाने हे १८९९ मध्ये ओळखले. त्याआधी युरोपातील माळी वर्षानुवर्षे ऑर्किडचे बी पेरीत आणि बहुतेक वेळा हात हलवत परत जात. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी दाखवले की काचेच्या नळीत साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर हे बी बुरशीशिवायही उगवते. आज बाजारात मिळणारी ऑर्किडची रोपे अशा प्रयोगशाळांच्या मार्गाने येतात. ती घ्यायला काहीच हरकत नाही.

रानात मात्र प्रयोगशाळा नाही. योग्य साल, योग्य ओल, योग्य बुरशी यांचा मेळ जमला तर हजारोंतून एखादे बी रुजते आणि त्याला फुले येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. तुम्ही पहिलीत असताना रुजलेले रोप तुम्ही शाळा सोडून जाताना कदाचित पहिल्यांदा फुलेल.

त्याआधी परागीभवनही व्हावे लागते. इतर फुलांत पराग भुकटीसारखे असतात, ऑर्किडमध्ये त्यांचे घट्ट पुंज असतात आणि त्याला डिंकासारखी चिकट चकती असते. कीटक मधासाठी आत शिरला की चकती त्याच्या अंगाला चिकटते आणि तो पुंज घेऊन उडतो. चार्ल्स डार्विन यांनी इंग्लंडच्या ऑर्किडमध्ये पेन्सिलचे टोक खुपसून हे पाहिले. पेन्सिलवर चिकटलेला परागपुंज अर्ध्या मिनिटात आपोआप पुढे वाकला, म्हणजे पुढच्या फुलात तो बरोबर योग्य जागी टेकावा! ऑर्किडच्या परागीभवनावरचे त्यांचे पुस्तक १८६२ साली निघाले. आणि तुमच्या आइस्क्रीममधील व्हॅनिला हीसुद्धा ऑर्किडच. मेक्सिकोबाहेर तिला फळ धरत नव्हते. रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या गुलामीत जन्मलेल्या मुलाने १८४१ मध्ये काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधली. तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आपल्या सातवीतील मुलाएवढा. व्हॅनिलाची शेती आजही त्याच्याच पद्धतीने चालते.

सात जणांचे ओझे

व्हॅन्डाच्या प्रजातीत सर्वात नावाजलेली जाती म्हणजे ईशान्य भारतातील निळी व्हॅन्डा. १८५० मध्ये जोसेफ हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ खासी टेकड्यांत गेले. त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानासाठी सात माणसांना वाहून नेता येईल एवढी निळी व्हॅन्डा झाडांवरून उतरवली. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की त्यातील फार थोडी झाडे इंग्लंडला जिवंत पोहोचली. त्यांच्याबरोबर जागा पाहायला आपला माळी पाठवणाऱ्या एका गृहस्थाने मग एका माणसाचे ओझे पाठवले, ते खराब अवस्थेत पोहोचूनही ३०० पौंडांना विकले गेले. ३०० पौंड ही त्या काळी फार मोठी रक्कम होती. ही बातमी पसरल्यावर त्या टेकड्यांवर काय झाले असेल याची कल्पना करता येते. हूकर मोठे शास्त्रज्ञ होते, वनस्पतींवर त्यांचे प्रेम होते. तरीही हे घडले. नंतर निळी व्हॅन्डा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित वनस्पतींच्या यादीत आली.

आपली जाळीदार व्हॅन्डा त्या यादीत नाही. पण अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती उपटून आणणे याच कायद्याने गुन्हा आहे, आणि ऑर्किडच्या सगळ्या कुळाचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. सापुताऱ्याच्या किंवा जांबुघोड्याच्या सहलीत ‘एकच रोप नेते, बाई’ म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे. एका बसमध्ये पन्नास मुले असतात.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात भारतातील १,२५६ जातींच्या ऑर्किडची नोंद आहे. त्यातील ३८८ जाती भारताबाहेर कोठेही आढळत नाहीत. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती आहेत. गुजरात कोरडा असल्यामुळे येथे त्यामानाने थोड्याच, म्हणून आपल्या अंगणात त्यातली एक असणे याचे मला अप्रूप वाटते. फादर सांतापाव आणि झुबेदा नव्हे, तर ‘कपाडिया’ एवढ्याच नावाने विद्यार्थ्यांना माहीत असलेले त्यांचे सहलेखक यांचा ‘मुंबई राज्यातील ऑर्किड’ या विषयावरील ग्रंथ १९६६ साली निघाला. सह्याद्री आणि डांग परिसरातील ऑर्किड ओळखायला अभ्यासक अजून तो उघडतात.

सुट्टीतील काम

पाचवी ते सातवीच्या मुलांनी घराजवळील पाच जुनी झाडे निवडावीत. चढू नये, खालूनच पाहावे. फांदीवर काही उगवलेले दिसले तर पानांचा आकार, मुळ्या बाहेर दिसतात की नाही, आणि त्याच्या पुढची फांदी हिरवी आहे की वाळलेली, या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. चित्र काढता आले तर उत्तम. पिंपळाची रोपेही फांदीच्या बेचक्यात उगवतात, त्यांची वेगळी नोंद करावी. झाडाचे नाव येत नसेल तर आजोबांना विचारावे आणि मराठी, गुजराती अशी दोन्ही नावे लिहावीत.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी पानफुटीचा प्रयोग. पहाटे सूर्य उगवण्यापूर्वी एक पान तोडावे, दोन चमचे पाण्यात ठेचावे आणि पीएच पट्टी बुडवून रंग नोंदवावा. त्याच रोपाचे दुसरे पान संध्याकाळी पाचच्या सुमारास घेऊन तेच करावे. तीन दिवस करावे, म्हणजे एका दिवसाची चूक लपणार नाही. हात साबणाने धुवावेत. पट्ट्या प्रयोगशाळेतून सुट्टी लागण्यापूर्वी शिक्षकांकडून घेऊन जाव्यात. व्हॅन्डाचे पान मात्र यासाठी कोणीही तोडू नये.

वादळात एखादी फांदी मोडून व्हॅन्डा खाली पडलेली दिसली, तर ती उचलून आणायला हरकत नाही. तिला मातीत लावू नका. खरबरीत सालीच्या झाडावर, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा बाजूला, काथ्याच्या दोरीने खोड सैलसर बांधा. तार वापरू नका. पाऊस सुरू होईपर्यंत रोज सकाळी मुळ्या हिरव्या दिसेपर्यंत पाणी शिंपडा. नव्या मुळ्या सालीला धरल्या की दोरी आपोआप कुजून जाते.

शाळेच्या आंब्याची छाटणी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. ज्या पालकांना पाहायला यायचे असेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. चिठ्ठी लिहिणाऱ्या पालकांनी तर अवश्य यावे, फीत त्यांच्याच हाताने बांधू.